अडीच दिवसाचं अंडं

सकाळी सव्वासहाला इंदूरच्या गंगवाल बस स्टँडवर झाबुआच्या बसची वाट बघत, स्कूटीवर पुढे थर्माकोलचा डबा अडकवून चहा पीत उभी असलेली पोरगी दिसली असेल कुणाला तर ती मी होते. डब्यात काय यायचं तर कडकनाथ जातीच्या कोंबडीची अंडी, फर्टाइल, ३० नग. कंडक्टरला वाटायचं मी कुठल्यातरी हॉटेलसाठी नेते. एकदा त्याने विचारलंच, "मॅडम, ऑमलेट भी काला बनता है क्या?" नाही बनत. अंडं आतून नेहमीसारखंच, कवच हलकं बदामी. कोंबडी मात्र चोच, कातडी, मांस सगळं काळं, म्हणून तिकडे तिला कालामासी म्हणतात. तो काळेपणा २० नंबरच्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा डबल झाल्यामुळे येतो, पण हे कंडक्टरला कुठे सांगत बसणार सकाळी सकाळी.

नातेवाइकांपैकी प्रत्येकाने लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात मला "तू नेमकं काय करते गं" विचारलंय आणि प्रत्येक वेळी मी अर्ध्यात सोडलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. 

मी शहराबाहेरच्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते (नाव नाही लिहीत, पुढे थोडी रडारड आहे). काम असं होतं की कडकनाथच्या भ्रूणातून त्या पेशी काढायच्या ज्यांच्यापासून पुढे जाऊन कोंबड्याचे शुक्राणू नाहीतर कोंबडीची अंडी बनतात, त्या डिशमध्ये जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, त्यांच्यात एक जीन टाकायचा आणि मग त्या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे पांढऱ्या लेगहॉर्नच्या भ्रूणात सोडायच्या. या पेशींना प्रायमॉर्डियल जर्म सेल म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं पीजीसी. एक प्रकारच्या स्टेम सेलच, पण वंश पुढे नेणाऱ्या.

आता एवढा वळसा कशाला, सरळ अंड्यातच जीन का नाही टाकत? माझ्या इंटरव्ह्यूमध्ये हाच प्रश्न आला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. उंदराचं कसं, फलित झालेली एक पेशी बाहेर काढता येते, सुई टोचता येते, परत ठेवता येते. कोंबडीने अंडं घातलं तेव्हा आत एक पेशी नसतेच, ४० ते ६० हजार पेशींची चकती तयार झालेली असते बलकावर. आणि एकच पेशी असते तेव्हा ते अंडं कोंबडीच्या पोटात, एवढा मोठा बलक घेऊन. डॉली मेंढीसारखं क्लोनिंगही याच बलकामुळे पक्ष्यांत जमत नाही. म्हणून मग त्या हजारोंमधल्या मोजक्या पेशी पकडायच्या ज्या पुढच्या पिढीत जाणार आहेत. अंडं घातलं जातं तेव्हा त्या असतात जेमतेम ३०.

बाबांना हे पोहे खाता खाता सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे सरोगेट मदर." म्हटलं हो, आणि सरोगेट फादर पण, कारण लेगहॉर्नचा कोंबडा असेल तर त्याच्या पोटात शुक्राणू कडकनाथचे बनतील. बाबांनी वरून सेव टाकली आणि पेपर उचलला. आईचा प्रश्न वेगळाच, "तुम्ही ती इंजेक्शनवाली कोंबडी बनवून राहिले का?" आता ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शनं देतात ही अफवा आहे, ती वाढते निवडक पैदाशीने आणि खाद्याने, पण आमच्या रामबागेत हे कुणालाच पटवता आलेलं नाही आणि मी आता सोडून दिलंय.

तर अडीच दिवस.

माणसात किंवा उंदरात या पेशी आपल्या जागेपर्यंत सरपटत जातात, आतड्याच्या बाजूबाजूने. पक्ष्यात त्या रक्तात उतरतात! डोक्याच्या पुढे एक चंद्रकोरीसारखा भाग असतो तिथे आधी जमतात, मग रक्ताच्या नळ्या तयार झाल्या की त्यात शिरतात, फिरतात, आणि जिथे पुढे वृषण किंवा अंडाशय होणार तिथे उतरतात. बसने आल्यासारखं. त्या बसमध्ये असतात तेव्हाच पकडायच्या, आणि ती वेळ म्हणजे साधारण ५० ते ५६ तास. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था लिहून ठेवल्या, चित्रांसकट, आणि जगभरातल्या लॅब आजही त्याच वापरतात. आम्हाला लागायची १४ ते १६. ओळखायचं कसं तर पाठीच्या दोन्ही बाजूला मण्यांसारखे ठोकळे दिसतात, सोमाइट, ते मोजायचे. २२ ते २८ मध्ये असेल तर बसा. जास्त झाले तर प्रवासी उतरून गेलेले.

आणि इथेच माझा पहिला उन्हाळा गेला.

इनक्युबेटर ३७.८ वर, पाण्याचा ट्रे भरलेला, अंडी ठेवल्याची वेळ पेन्सिलने कवचावर लिहिलेली, सगळं चोख. ५३ तासांनी अंडं फोडलं तर एक भ्रूण १२ अवस्थेचं, शेजारचं १८ चं, तिसरं मेलेलं. दुसऱ्या बॅचमध्ये तेच. लॅबच्या मॅडमना वाटलं मी वेळ लिहिण्यात घोळ करते, दोनदा ऐकवलं पण सगळ्यांसमोर. मग इनक्युबेटरवर संशय, मग थर्मामीटर बदललं. तीन आठवडे गेले. शेवटी अंडी देणाऱ्या काकांनीच फोनवर सहज सांगितलं की गर्मी खूप आहे, अंडी तीन दिवस जमवून ठेवतो मग एकदम पाठवतो. अरे देवा. अंड्यातला भ्रूण थंडीत झोपून असतो, २० डिग्रीच्या खाली तर नक्कीच, पण एप्रिलमध्ये झाबुआच्या खोलीत ४१-४२ डिग्री, तर तो झोपणार कसा, तो अर्धवट जागा होऊन वाढायला लागतो, कुठलं अंडं एक दिवसाचं, कुठलं तीन दिवसांचं, त्यात दीडशे किलोमीटर बसच्या मागच्या सीटवर धक्के. म्हणजे माझं घड्याळ सुरू होण्याआधीच त्यांचं सुरू झालेलं!

मग काकांना एक जुना पाण्याचा कूलर आणि मातीचे दोन माठ, ओली वाळू, असं जुगाड करून दिलं, रोजच्या रोज अंड्यांवर तारीख घालायची, रात्रीच्या बसने पाठवायची, आणि इकडे आल्यावर रुंद बाजू वर करून १६ डिग्रीत एक रात्र विश्रांती. कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये माठ लिहिलेला नाही पण आमच्या लॅबच्या वहीत आहे.

रक्त काढणं हा हाताचा खेळ आहे. भ्रूण असतो नखाएवढा, पारदर्शक, मध्ये लाल टिंब टुकटुक करत असतं. काचेची बारीक नळी गरम करून ओढायची, तिचं टोक केसापेक्षा बारीक, ते तिरकं तोडायचं. ते तोडणं कुणी शिकवू शकत नाही, पन्नास मोडली की येतं. दुसऱ्या टोकाला रबराची नळी, मध्ये फिल्टर, आणि तोंडाने हळूच ओढायचं. पाठीतली मोठी रक्तवाहिनी, डॉर्सल एओर्टा, तिच्यात टोक गेलं की लाल रेघ आपोआप वर चढते. मिळतं किती, एक-दोन मायक्रोलिटर. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी आनंदाने "हौ" ओरडले आणि नळीतलं सगळं परत फुंकलं गेलं. त्या वेळचं हसणं अजून चालू आहे लॅबमध्ये.

तो थेंब डिशच्या एका खळग्यात, ३०० मायक्रोलिटर माध्यमात, म्हणजे पेशी ज्यात वाढवायच्या त्या पोषक पाण्यात. आणि मग काहीच होत नाही. खरंच, दहा दिवस काहीच होत नाही. सगळ्या खळग्यांत लाल पेशींचा गाळ, त्या हळूहळू मरतात, त्यांच्यामध्ये कुठेतरी दोन-चार मोठ्या, गोल, आत चरबीचे चमकदार थेंब असलेल्या पेशी, त्या चिकटत नाहीत, तरंगतात, त्यामुळे माध्यम बदलताना जरा घाई केली की त्या पण गेल्या. मी असे किती खळगे बेसिनमध्ये ओतले असतील देव जाणे.

या पेशी डिशमध्ये टिकतच नाहीत असं लोकांना बरीच वर्षं वाटत होतं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरिजेन थेरप्युटिक्स कंपनीच्या लोकांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर दिला की आम्ही त्या महिनोन्महिने वाढवल्या, जीन टाकला, आणि पिल्लं झाली. नंतर एडिनबराच्या रॉस्लिनमध्ये, डॉली जिथे झाली तिथेच, माइक मॅकग्रू यांच्या ग्रुपने शोधून काढलं की यांना नेमकं लागतं काय, तर एफजीएफ, इन्सुलिन आणि ॲक्टिव्हिन, एवढे तीन सिग्नल, आणि कॅल्शियम कमी, आणि माध्यम पाणी घालून पातळ केलेलं. वाचायला दोन ओळी. पण त्यातली ॲक्टिव्हिनची बारकी कुपी कोरड्या बर्फात यायला हवी होती, ती आली दिवाळीच्या सुट्टीत, डबा गेटवर चार दिवस पडून राहिला, आणि कुणी काही बोललं नाही, मी आपली तीच वापरत राहिले दोन महिने. पेशी मरत होत्या आणि मी स्वतःला दोष देत होते. नवीन कुपी आल्यावर अठराव्या दिवशी एका खळग्यात द्राक्षाच्या घडासारखा गुच्छ दिसला. खळगा नंबर सात. पीसीआर केला तर नर निघाला. नराच्या लाइन, म्हणजे वाढत राहणारे पेशींचे गट, सोप्या जातात, मादीच्या रडवतात, हे नंतर कळलं. मादीची माझी एकही टिकली नाही.

त्या साताचे भाग करत करत दीड महिन्यात लाखो झाल्या आणि आधी निम्म्या फ्रीज केल्या. हे मला जीन टाकण्यापेक्षा मोठं वाटतं, खरं सांगते. कोंबडीचं अंडं गोठवून ठेवता येत नाही, बलकामुळे. कोंबड्याचं वीर्य गोठवता येतं पण पक्ष्यात उलटं असतं, नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, म्हणजे वीर्यात डब्ल्यू क्रोमोसोम नसतोच, तो त्यातून वाचतच नाही. उद्या काही झालं तर जात परत उभी करायला या पेशीच कामाच्या, नराच्या आणि मादीच्याही.

उद्या काही झालं तर, हे इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या डिसेंबरच्या शेवटी डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मरून पडले होते आठवतं? भोपाळच्या निषादमध्ये, म्हणजे प्राण्यांचे रोग तपासणाऱ्या सरकारी लॅबमध्ये, नमुने गेले, एच५एन८ हा बर्ड फ्लूचा व्हायरस निघाला. काही दिवसांत झाबुआच्या कडकनाथांतही बर्ड फ्लू सापडला आणि पक्षी मारावे लागले. त्याआधी २०१८ मध्ये कडकनाथला जीआय टॅग मिळाला म्हणून पेढे वाटलेले, २०२० मध्ये धोनीने रांचीच्या फार्मसाठी पिल्लं मागवली म्हणून बातम्या आलेल्या. टॅग काही व्हायरसला अडवत नाही. मी तेव्हा बीएस्सीला होते, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांनी आठवडाभर अंड्याचं काही खाल्लं नाही एवढंच मला त्यातलं माहीत.

म्हणून लॅबमध्ये आल्यावर सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच की जीन बदलून फ्लू न होणारी कोंबडी होते का. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रॉस्लिन, लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि पिरब्राइट इन्स्टिट्यूटवाल्यांचा पेपर आला. फ्लूच्या व्हायरसला कोंबडीच्या पेशीतलं एएनपी३२ए नावाचं प्रोटीन लागतं, स्वतःच्या कॉप्या काढायला. त्यांनी पीजीसीमध्ये क्रिस्परने, म्हणजे जीन नेमका कापून बदलायच्या तंत्राने, त्या प्रोटीनची फक्त दोन अक्षरं बदलली, म्हणजे दोन अमिनो ॲसिड, आणि त्यातून कोंबड्या वाढवल्या. कमी डोस दिला तर १० पैकी ९ जणींना काही झालं नाही. व्हॉट्सॲपवर इथपर्यंतच फिरलं. पुढचं असं की डोस हजार पटीने वाढवला तर निम्म्यांना झाला, आणि त्यांच्यातला व्हायरस बदललेला निघाला, तो त्याच घराण्यातली दुसरी दोन प्रोटीनं वापरायला शिकला. मग त्यांनी डिशमधल्या पेशींत तिन्ही जीन काढले तेव्हा व्हायरस अडकला, पण ते पेशींत, कोंबडीत नाही. मला त्या पेपरचं हेच आवडलं की त्यांनी लपवलं नाही. आमच्याकडे एक सिनियर आहे तो म्हणतो हे सगळं फालतू आहे, शेड स्वच्छ ठेवा, अंतर ठेवा, झालं. तो अर्धा बरोबर आहे.

आमचा जीन अगदी साधा होता, हिरवा चमकणारा, जीएफपी. काही उपयोग नाही त्याचा, फक्त पेशी कुठे गेली ते दिसतं. पिगीबॅक नावाचा एक उडी मारणारा डीएनए असतो, तो आपला जीन उचलून क्रोमोसोममध्ये चिकटवतो. दोन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएच्या गोल कड्या, मिसळले, पेशींवर घातले, दोन दिवसांनी निळ्या प्रकाशाखाली काही हिरव्या, मग औषध घालून बाकीच्या मारल्या, उरल्या त्या सगळ्या हिरव्या. लोक ज्याला "जेनेटिकली मॉडिफाइड" म्हणून घाबरतात ते काम एवढंच, धरून पंधरा दिवस. आधीचं दीड वर्ष अंडी, माठ, कुपी आणि काचेच्या नळ्या.

परवानगीचं मात्र थोडक्यात सांगते कारण तो वेगळा उन्हाळा आहे. आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत, पर्यावरण कायद्याखालचे, आधी संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, मग आरसीजीएम ही जीन बदलण्याचे प्रयोग तपासणारी केंद्राची कमिटी, आणि बाहेर सोडायचं म्हटलं की जीईएसी, पर्यावरण मंत्रालयाची कमिटी. आम्हाला मिळाली फक्त भ्रूणापर्यंत. पिल्लू बाहेर येऊ द्यायचं नाही, काम झालं की सगळं ऑटोक्लेव्ह, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफेने मारून टाकायचं. वाईट वाटलं? हो, पण चुकीचं नाही ते.

लेगहॉर्नची अंडी जवळच्या हॅचरीतून, ती ताजी, शहाण्यासारखी एका वेळी वाढणारी. अंडं आडवं ठेवून कवचाला कात्रीने शेंगदाण्याएवढी खिडकी पाडायची, आत तोच टुकटुक करणारा ठिपका, त्याच रक्तवाहिनीत या वेळी उलटं काम, काढायचं नाही, सोडायचं. एक मायक्रोलिटरमध्ये तीन हजार पेशी, थोडा हिरवट रंग मिसळून म्हणजे आत गेलं ते कळतं, रक्त क्षणभर साफ होतं, मग परत लाल. खिडकीवर टेप. हवेचा बुडबुडा गेला की खेळ खलास. पहिल्या २४ मधली दुसऱ्या दिवशी जिवंत ५. त्यातली दोन माझ्या टेपमुळे वाळली, टेप नीट बसत नव्हती, मग आईच्या शिलाईच्या डब्यातली छोटी कात्री आणि चांगली टेप आणली तर पुढच्या २४ मधली ११ जगली. आईला कात्री कशाला नेली ते अजून सांगितलेलं नाही. ती परत आणता पण येत नाही.

आठव्या दिवशी उघडली. भ्रूण आता पिल्लासारखा दिसतो, डोळे मोठे काळे, पंखांच्या कळ्या. पोट उघडून आतडी बाजूला केली की मूत्रपिंडांवर दोन बारीक पांढऱ्या पट्ट्या. खोलीतला लाइट बंद केला, मॅडम मागे उभ्या, मी फिल्टर फिरवला. पहिलं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्यात डाव्या पट्टीवर हिरवे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे, उजवीकडे कमी. डावीकडे जास्त जातात हे पुस्तकात होतं, कोंबडीचं अंडाशय पण डावंच वाढतं, पण ते डोळ्याने बघणं वेगळं. म्हणजे झाबुआच्या एका अंड्यातून रक्ताच्या थेंबात निघालेली ती साताची पोरं सात महिने प्लास्टिकच्या डिशमध्ये राहून, गोठून, वितळून, परक्या जातीच्या रक्तात सोडल्यावरही आपलं घर शोधत बरोबर तिथेच पोचली होती. मॅडम म्हणाल्या फोटो काढ आधी, रड नंतर. ११ पैकी ४ मध्ये मिळाले. फोटो काढले, मोजले, आणि संध्याकाळी सगळी ट्रे पिशवीत बांधून ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. १२१ डिग्री, आम्ही अर्धा तास ठेवतो. त्या वासाला सवय होत नाही.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः अंडी घेऊन आले, काहीतरी कोर्टाचं काम होतं त्यांचं इंदूरला. गंगवालवरच चहा घेतला. दर वेळी फोनवर विचारायचे "बच्चा निकला?", म्हणून मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला, मोठा करून बघितला.

"ये तो हरा है," ते म्हणाले. "काला किधर है?"

मी म्हटलं काका, हा रंग फक्त खूण म्हणून आहे, काळं तेव्हाच दिसेल जेव्हा यांच्यापासून पिल्लू होईल, आणि त्याची परवानगी अजून नाही, पण या पेशी तुमच्याच कोंबडीच्या आहेत, एका डब्यात गोठवून ठेवल्यात, उणे १९६ वर, पन्नास वर्षांनीही राहतील. त्यांनी फोन परत दिला, चहाचा ग्लास खाली ठेवला.

"जब काला निकले तब बुलाना." मग डब्याची दोरी माझ्या स्कूटीला बांधता बांधता म्हणाले की या उन्हाळ्यात अंड्यामागे दोन रुपये जास्त लागतील, माठाला रोज पाणी घालायला पोरगा ठेवलाय.